डी. फार्म. की बी. फार्म. : निवड अकरावीतच व्हावी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा आणि त्यापाठोपाठ ‘नीट’चा निकाल लागला की परभणी-हिंगोलीकडच्या गावांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, “मग आता फार्मसीला टाकायचं का?” ग्रामीण रुग्णालयातून औषध निर्माण अधिकारी म्हणून मी निवृत्त झालो असल्याने हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडेही येतात. फार्मसीत काय शिकवतात आणि ते शिकून मुलाने कोणते काम करायचे, याचा विचार त्या प्रश्नामागे क्वचितच असतो; वैद्यकीयची जागा हुकली आहे, तेव्हा घरी बसण्यापेक्षा ‘मेडिकल लाइन’चे काहीतरी करावे, एवढाच हेतू दिसतो. आपल्या दैनिकात याच दिवसांत फार्मसी महाविद्यालयांच्या पानपानभर जाहिराती येत असल्यामुळे त्याच वाचकांसमोर काही गोष्टी मांडाव्यात, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, फार्मसीतला कोणता अभ्यासक्रम घ्यायचा हे मुलाला पुढे कोणते काम करायचे आहे यावरून ठरवावे लागते, कारण औषधांच्या बाबतीत कोणत्या कामाला कोणती पात्रता लागेल हे बऱ्याच अंशी कायद्यानेच ठरवून ठेवले आहे. आणि हा विचार अकरावीतच सुरू होऊन बारावीच्या दिवाळीपर्यंत पक्का झाला पाहिजे. जूनमध्ये तो करायला बसले की हाती उरलेल्या जागाच निर्णय घेतात.

आपल्याकडे औषध व्यवसायाचे मुख्य कायदे दोन आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांचा १९४० चा कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम औषध कसे बनवावे, साठवावे आणि विकावे हे सांगतात, तर १९४८ चा फार्मसी कायदा ते औषध रुग्णाला कोणी द्यावे हे सांगतो. या दुसऱ्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी देऊ शकत नाही. ही नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे होते, आणि तिच्यासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी. फार्म. ही पदविका, आणि आता तिच्यानंतरची एक्झिट परीक्षा, पुरेशी आहे. चार वर्षांची बी. फार्म. पदवी घेतलेल्यालाही तीच नोंदणी मिळते. मेडिकलच्या काउंटरपुरते पाहिले तर दोघांचा अधिकार सारखाच, आणि ‘दोन वर्षांत होतं तर चार वर्षं कशाला’ हा आपल्याकडचा युक्तिवाद इथूनच सुरू होतो.

तो युक्तिवाद काउंटरपाशीच संपतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि पैठण इथे औषधांचे मोठे कारखाने आहेत. वोक्हार्ट आणि अजंता फार्मा ही नावे छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात कोणाला सांगावी लागत नाहीत. अशा कारखान्यात ज्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली गोळ्या-इंजेक्शने तयार होतात आणि ज्याचे नाव परवान्यावर चढते, त्याची पात्रता १९४५ च्या नियमांत दिलेली आहे : फार्मसीचा पदवीधर आणि पदवीनंतर उत्पादनाचा किमान १८ महिन्यांचा अनुभव, किंवा रसायनशास्त्र मुख्य विषय असलेला विज्ञान पदवीधर आणि तीन वर्षांचा अनुभव. पदविकाधारकाला कारखान्यात काम मिळत नाही असे नाही. पॅकिंगला, यंत्रावर, गोदामात तो दिसतो. परंतु ज्या सहीवर बॅच बाहेर पडते त्या सहीपर्यंत तो डी. फार्म.च्या बळावर पोहोचत नाही. अन्न व औषध प्रशासनातल्या औषध निरीक्षकाच्या पदाचेही तेच आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या त्या पदाला फार्मसीची पदवी चालते, किंवा वैद्यकशास्त्राची विशिष्ट विषयांतली पदवी; पदविका चालत नाही. मुलगी डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ‘हिला ड्रग इन्स्पेक्टर करायचंय’ असे सांगणारे वडील मला भेटलेले आहेत, आणि त्यांना हे सांगणे सोपे नसते.

डी. फार्म. करून मागाहून पदवीकडे वळता येते हे खरे आहे. पदविकाधारकाला बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे तिसऱ्या सत्रात, प्रवेश मिळतो. मात्र हिशेब करून पाहावा. पदविकेची दोन वर्षे आणि पदवीची तीन मिळून पाच वर्षे होतात. बारावीनंतर सरळ बी. फार्म.ला गेलेला मुलगा चार वर्षांत तिथेच पोहोचतो. हे एक वर्ष काही घरांना परवडते आणि काहींना उपयोगीही पडते, कारण पदविका हातात असली की मधल्या काळात कमावता येते. पण जाणूनबुजून घेतलेले एक वर्ष आणि माहिती नसल्यामुळे गेलेले एक वर्ष यांत फरक आहे, आणि आपल्याकडची बहुतेक वर्षे दुसऱ्या प्रकारची असतात.

याहून मोठा हिशेब ‘रिपीट’चा आहे. लातूर-नांदेडला खोली करून ‘नीट’साठी एक नव्हे, दोन-दोन वर्षे देणारी मुले मराठवाड्याला नवीन नाहीत. ज्याची तयारी आणि गुण वैद्यकीयच्या जवळ पोहोचले आहेत त्याने एकदा पुन्हा प्रयत्न करावा, त्याला माझा विरोध नाही. परंतु दोन वर्षे थांबून मग बी. फार्म.ला आलेल्या मुलाची बारावीनंतर सहा वर्षे होतात, आणि तेवढ्याच सहा वर्षांत त्याचा वेळेवर निर्णय घेतलेला वर्गमित्र बी. फार्म. आणि एम. फार्म. दोन्ही पूर्ण करून मोकळा झालेला असतो. शिवाय उशिरा आलेला मुलगा बहुतेकदा नाराजीने आलेला असतो. फार्मसीचा अभ्यास नाराजीने होण्यासारखा नाही, हे अभ्यासक्रमावर नुसती नजर टाकली तरी कळते : दुसऱ्या सत्रापासून चौथ्यापर्यंत सेंद्रिय रसायनाचे तीन भाग, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत औषधी रसायनाचे तीन भाग, आणि त्याच सत्रांत फार्माकोलॉजीचेही, म्हणजे औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो या विषयाचेही, तीन भाग. ज्याने बारावीत सेंद्रिय रसायन ‘ऑप्शनला’ टाकले होते, त्याची गाठ इथे त्याच विषयाशी पुन्हा पुन्हा पडते. जीवशास्त्र न घेता गणित घेतलेल्या मुलांनाही बी. फार्म.ला प्रवेश मिळतो, आणि पहिल्या सत्रात त्यांच्यासाठी जीवशास्त्राचा पूरक विषय ठेवलेला आहे. गणित न घेतलेल्यांसाठी तसाच गणिताचा आहे. रसायनशास्त्राला मात्र पळवाट नाही.

आता वेळेचा मुद्दा. महाराष्ट्रात बी. फार्म.चे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतात आणि राज्यातल्या मुलांसाठी त्यांचा मुख्य आधार एमएचटी-सीईटी आहे. तिचा अर्ज हिवाळ्यातच निघतो आणि परीक्षा बारावीच्या वर्षीच, शाळेच्या परीक्षेच्या मागोमाग येते. केवळ ‘नीट’वर डोळा ठेवलेली मुले हा अर्ज भरतच नाहीत किंवा भरून परीक्षेला जात नाहीत, आणि जूनमध्ये दार बंद झालेले दिसले की ‘डी. फार्म.ला सीईटी लागत नाही ना’ असे विचारत येतात. लागत नाही, तिथे बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. आपल्या भागातल्या कितीतरी मुलांनी डी. फार्म. निवडले त्यामागचे खरे कारण एवढेच असते, आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचे काम अशा कारणाने ठरावे याचे मला वाईट वाटते.

वास्तविक ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलाला ही सीईटी देणे जड नाही. पीसीबी गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० आणि जीवशास्त्राचे १०० प्रश्न असतात, प्रत्येकाला एक गुण, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार आहे, आणि आधार राज्य मंडळाच्या पुस्तकांचा आहे. ‘नीट’मध्ये चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असल्यामुळे मुलांना प्रश्न सोडून देण्याची सवय लागलेली असते, ती इथे अंगाशी येते, कारण इथे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. संगणकावर, ठरलेल्या वेळात पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवण्याचा सराव केला आणि राज्य मंडळाची पुस्तके एकदा नीट वाचली, तर दोन्ही परीक्षांची तयारी एकमेकींच्या आड येत नाही. गणित घेतलेल्या मुलांना पीसीएम गटाच्या गुणांवरही बी. फार्म.साठी अर्ज करता येतो.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तहसीलच्या रांगेत जून-जुलै कसे जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत समितीकडे गेला पाहिजे. नॉन-क्रीमिलेअर, अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले त्यासोबत तयार ठेवावेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्या मुलींना आहे, संस्थास्तरावरच्या कोट्यातून प्रवेश घेतलेल्यांना नाही. ‘कॉलेजमध्येच येऊन भरून टाका, राउंडच्या भानगडीत पडू नका’ असा सल्ला देणारा दलाल मुलीला या सवलतीपासून दूर नेतो आहे, एवढे पालकांनी ध्यानात घ्यावे. वसतिगृह, बस आणि ‘विकास निधी’ यांचे पैसे या माफीत येत नाहीत. ते आधी लेखी विचारून घ्यावेत.

डी. फार्म. कोणासाठी योग्य, याचे उत्तर मी इतके दिवस काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. ज्याला गावात किंवा तालुक्याला स्वतःचे मेडिकल चालवायचे आहे, ज्याच्या घरी ते आधीपासून आहे, किंवा ज्याला लवकर कमावणे भाग आहे, त्याच्यासाठी हा सन्मानाचा आणि पुरेसा मार्ग आहे. रुग्णालयातल्या औषध विभागाचे कामही तसेच. पावसाळा सुरू झाला की सर्पदंशाचे रुग्ण येतात, फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे येतात. त्या वेळी सर्पदंशावरचे प्रतिविष आणि विषबाधेवरचे ॲट्रोपिन किती शिल्लक आहे, कोणत्या कुप्या आधी संपणार आहेत, हे ज्याला रात्री दोन वाजता न शोधता सांगता येते तो फार्मासिस्ट. इन्सुलिनसारखी औषधे दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागतात आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो, वीज जाते-येते. शीतपेटीची नोंदवही हे तिथे कागदी काम राहत नाही. जिल्हा परिषद आणि आरोग्य विभागाच्या भरतीत पदविका हवी की पदवीही चालेल, हे त्या-त्या पदाच्या सेवाप्रवेश नियमांवर असते, म्हणून जाहिरातीचा तो परिच्छेद अर्ज भरण्यापूर्वी शब्दन् शब्द वाचावा.

स्वतःच्या दुकानाचा विचार करणाऱ्यांनी पदविकेइतकाच भांडवलाचाही विचार करावा. किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी किमान दहा चौरस मीटर जागा लागते, शीतपेटी लागते, आणि पहिला माल भरायला पैसा लागतो. ज्या औषधांच्या किमती सरकार ठरवते त्यांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार १६ टक्के धरलेला आहे. त्यातून भाडे, वीज, उधारी आणि मुदत संपलेला माल वजा केला की हातात काय राहते, हे सोयाबीनच्या पट्टीचा हिशेब करणाऱ्या शेतकऱ्याला मी वेगळे सांगायला नको. चौकात आधीच आठ मेडिकल असतील तर नववे काढण्यापूर्वी एक महिना त्यातल्या एकात बसून पाहावे.

आता ज्या गोष्टीविषयी आपल्याकडे सगळे जाणतात आणि कोणी लिहीत नाही, ती लिहितो. पुष्कळ घरांत डी. फार्म.कडे पाहिले जाते ते ‘लायसन भाड्याने देता येतं’ म्हणून. पोराने पदविका घ्यावी, प्रमाणपत्र कोणाच्या तरी मेडिकलच्या भिंतीवर लावावे, महिन्याला ठरलेली रक्कम घ्यावी आणि स्वतः शेती किंवा दुसरी नोकरी करावी, अशी ही योजना असते. ती बेकायदेशीर आहे, कारण चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे असा नियम आहे आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र देखरेख करीत नाही. तपासणीत दुकानाचा परवाना अडचणीत येतोच, पण नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचीही चौकशी होते. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ या अनुसूचीतल्या प्रतिजैविकांची, क्षयरोगाच्या आणि सवय लावणाऱ्या औषधांची विक्री झाली की डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. भाड्याच्या दुकानात ही वही कोण लिहितो आणि त्यातल्या चुकीचे उत्तर कोणाला द्यावे लागते, याचा विचार त्या ठरलेल्या रकमेत कुठेच धरलेला नसतो.

यात आणखी एक तोटा आहे, आणि तो जे प्रामाणिकपणे काउंटरवर उभे राहतात त्यांना सोसावा लागतो. दुकानदाराला प्रमाणपत्र थोड्या पैशांत भाड्याने मिळत असेल, तर तो हजर राहणाऱ्या फार्मासिस्टला पुरा पगार का देईल? तालुक्याच्या गावांत पदविकाधारकांचे पगार इतके कमी का, असे विचारणाऱ्या मुलांनी आपल्याच वर्गातल्या किती जणांचे प्रमाणपत्र कुठल्या भिंतीवर आहे हे मोजून पाहावे. मराठवाड्यातल्या औषध विक्रेत्यांमध्ये चोख काम करणारे पुष्कळ आहेत, आणि या प्रकाराचा त्रास त्यांनाही होतो.

याच योजनेला पुरवठा करणारी महाविद्यालयेही आहेत. भारतीय फार्मसी परिषदेने २०२०-२१ पासून पाच वर्षे नव्या महाविद्यालयांना मान्यता न देण्याचे ठरवले होते. संस्थाचालक न्यायालयांत गेले, आणि अशी बंदी नुसत्या प्रशासकीय ठरावाने घालता येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. त्यानंतर गावोगावी फार्मसीच्या पाट्या लागल्या. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच असेल, परंतु पाट्यांच्या मागे शिक्षक आणि प्रयोगशाळा त्याच वेगाने आल्या नाहीत. ‘फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो’ असे उघड सांगणारे लोक प्रवेशाच्या दिवसांत बसस्थानकाजवळ भेटतात. बी. फार्म.च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात, लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळे धरून, ८० टक्के हजेरी लागते. तेव्हा ‘आम्ही बघतो’ म्हणजे काय बघतो, हे पालकांनी ओळखावे.

महाविद्यालय पाहायला जावे ते दुपारी, प्रात्यक्षिकांच्या वेळी. भारतीय फार्मसी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेला त्या वर्षासाठी कलम १२ खाली मान्यता आहे का आणि किती जागांची आहे, हे आधीच पाहून जावे, कारण या मान्यतेशिवाय घेतलेली पदविका किंवा पदवी नोंदणीच्या कामाची नाही. तिथे गेल्यावर संगमरवरी प्रवेशद्वार पाहू नये. गोळ्या करण्याच्या यंत्रावर धूळ आहे की पावडर, औषधी वनस्पतींची बाग आहे की नुसता फलक, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांच्या शिक्षकांची नावे माहीत आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि विभागातली काही जुनी खासगी महाविद्यालये यांच्याशी तुलना करून मगच पसंतीक्रम भरावा. घराजवळचे महाविद्यालय हे पहिल्या क्रमांकावर टाकण्याचे कारण होऊ शकत नाही.

हजेरीशिवाय पदविका मिळवण्याचा मार्ग आता आणखी एका ठिकाणी अडतो. २०२२ च्या नियमांनी डी. फार्म.नंतर नोंदणीसाठी एक्झिट परीक्षा आणली आणि तिची पहिली फेरी ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने घेतली. तीन प्रश्नपत्रिका, प्रत्येकीत किमान ५० टक्के गुण, आणि तिन्हींत एकाच प्रयत्नात उत्तीर्ण होणे आवश्यक. प्रयत्न कितीही करता येतात. राज्य तंत्र शिक्षण मंडळाची दोन वर्षांची परीक्षा आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण हे पुरे करूनही या परीक्षेत अडकलेल्या मुलाच्या हातात पदविका राहते, नोंदणी नाही. इंग्रजीतली औषधांची नावे आणि त्यांचे परिणाम ज्याने वर्गात बसून शिकलेच नाहीत, त्याला ‘अपेक्षित प्रश्नसंच’ इथे किती तारेल याविषयी मला शंका आहे. त्या ५०० तासांचे प्रमाणपत्रही ओळखीच्या मेडिकलमधून सहीनिशी घेऊन येण्याची पद्धत आहे. ते तास खरोखर भरलेला मुलगा चिठ्ठी वाचायला शिकतो, आणि एकसारख्या नावांची दोन औषधे वेगळी ठेवायला शिकतो.

सहा वर्षांच्या फार्म. डी.विषयी अलीकडे बरेच विचारले जाते, कारण नावाआधी ‘डॉ.’ लागते. २००८ पासून सुरू असलेला हा अभ्यासक्रम पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा आहे, आणि त्यासाठी किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची जोड आवश्यक असते. रुग्णालयात डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरून औषधयोजना तपासण्याचे हे शिक्षण उत्तम आहे. मराठवाड्यातली बहुतेक रुग्णालये त्या कामासाठी पद निर्माण करीत नाहीत ही अडचण आहे. त्यामुळे हा मार्ग घेणाऱ्याने पुणे-मुंबई-हैदराबाद, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या, किंवा परदेश यांची तयारी ठेवावी. अमेरिकेत फार्मासिस्ट होण्यासाठी परदेशी पदवीधराचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा लागतो, म्हणून आपली चार वर्षांची बी. फार्म. तिथे अपुरी ठरते. ज्याच्या मनात तेच आहे त्याने हे बारावीतच ओळखावे. संशोधनाकडे कल असेल तर बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षापासून ‘जीपॅट’ या एम. फार्म.साठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेची तयारी धरावी. ही परीक्षा उत्तीर्ण होऊन एम. फार्म.ला प्रवेश घेतलेल्या पात्र विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. मोहाली, हैदराबाद, अहमदाबादसह देशातल्या सात ‘नायपर’, म्हणजे औषधनिर्माण शिक्षण व संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थांचा मार्गही जीपॅट आणि त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा यांतून जातो. या सातांपैकी एकही महाराष्ट्रात नाही, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी कधीतरी मनावर घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे आणि शासनाकडे मला तीन गोष्टी मागायच्या आहेत. राज्य तंत्र शिक्षण मंडळाने डी. फार्म.चे निकाल आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाने एक्झिट परीक्षेचे निकाल महाविद्यालयनिहाय, जिल्ह्यांनुसार, प्रवेशाच्या आधी सर्वांना सहज दिसतील असे मांडावेत. आठ जिल्ह्यांतल्या पालकांना दुसरी कोणतीही माहिती याच्याइतकी उपयोगी पडणार नाही. विज्ञान शाखेच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात दिवाळीच्या सुट्टीआधी एक तास काढून सीईटीचा अर्ज, जात वैधतेचा प्रस्ताव आणि पदविका-पदवीतला फरक सांगितला जावा, आणि तो एखाद्या क्लासच्या प्रतिनिधीने न सांगता तिथल्याच रसायनशास्त्राच्या शिक्षकाने सांगावा. तिसरी मागणी थेट आपल्याकडे आहे. आपल्या दैनिकात छापल्या जाणाऱ्या फार्मसीच्या प्रत्येक जाहिरातीत त्या वर्षाची मान्यता, मंजूर जागा आणि मागच्या वर्षीचा निकाल छापण्याची अट आपल्या जाहिरात विभागाने घालावी, आणि ‘१०० टक्के नोकरीची हमी’ असे लिहून आणणाऱ्याला ती हमी कोणत्या कंपनीने, किती पगारावर आणि किती मुलांना दिली, हे विचारल्याशिवाय ती ओळ स्वीकारू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी,
सेलू, जि. परभणी